पडला तर आणि पडला असता तर

अमेरिकेत २०१० साली ‘कॉमन कोअर’ या नावाने शालेय शिक्षणातील अपेक्षांची एक यादी प्रसिद्ध झाली. चाळीसहून अधिक राज्यांनी ती स्वीकारली. पुढे काहींनी ती बदलली किंवा सोडूनही दिली. या यादीत आठवीच्या भाषाविषयाखाली एक ओळ आहे. विद्यार्थ्याला क्रियापदाचे पाच मूड तयार करता आणि वापरता यावेत, असे ती सांगते. ते पाच मूड म्हणजे इंडिकेटिव्ह, इम्परेटिव्ह, इंटरॉगेटिव्ह, कंडिशनल आणि सबजंक्टिव्ह. एका मूडमधून दुसऱ्यात विनाकारण मारलेली उडी विद्यार्थ्याने ओळखावी आणि दुरुस्त करावी, असे लगेच पुढची ओळ सांगते. इंग्लंडनेही २०१४ पासून लागू केलेल्या अभ्यासक्रमात सहाव्या वर्गातल्या, म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी सबजंक्टिव्ह नेमला. इंटरनेटवरून उतरवलेल्या सरावपत्रिकांतून ही नावे आता आपल्याकडच्या शिक्षकांच्याही हाती येतात.

व्याकरणाच्या प्रांतात विज्ञानवाल्यांनी का शिरावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे वर्गीकरण हा आमच्या धंद्याचा भाग आहे, आणि वरची यादी हे एक वर्गीकरणच आहे. दुसरे कारण जास्त जवळचे आहे. सेमी-इंग्रजीच्या वर्गात मुले विज्ञान आणि गणित इंग्रजीतून शिकतात. ‘असे आहे’, ‘असे कर’, ‘असे असावे’ आणि ‘असे असते तर’ यांतला फरक कळला नाही, तर धड्यातले विज्ञानच उलटेपालटे होते. हे कसे होते ते पुढे पाहूच. आधी यादी.

मूड या शब्दापासूनच गोंधळ सुरू होतो. आपल्या बोलण्यात मूड म्हणजे मनाची लहर. व्याकरणातला मूड मात्र लॅटिन ‘मोडस’, म्हणजे रीत किंवा पद्धत, या शब्दावरून आला. मनःस्थितीचा मूड हा जुना इंग्रजी शब्द, त्याचे कूळ वेगळे. दोघांचे स्पेलिंग पुढे एक झाले एवढेच. मराठी व्याकरणात याला ‘अर्थ’ म्हणतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. इथेही ‘अर्थ’ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. गोष्ट सांगितली आहे, आज्ञा केली आहे, इच्छा-कर्तव्य बोलून दाखवले आहे की अट घातली आहे, हे क्रियापदाच्या रूपावरून कळते. ते रूप म्हणजे हा ‘अर्थ’.

‘क्रियापदाच्या रूपावरून’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. संस्कृत शिकणाऱ्या आठवीच्या मुलाला ते सांगावे लागत नाही. पठति, पठतु, पठेत् ही तीन रूपे त्याच्यासमोर असतात. शेपूट बदलले की ‘अर्थ’ बदलला. लॅटिनमध्ये ‘आमात’ म्हणजे तो प्रेम करतो, आणि ‘आमेत’ म्हणजे त्याने प्रेम करावे. मराठीतही करतो, कर, करावे, करता ही रूपे कानाला वेगळी लागतात. इंग्रजीत एके काळी अशी वेगळी रूपे होती. शतकांच्या ओघात प्रत्यय झिजले आणि बहुतेक क्रियापदांत ही रूपे एकमेकांत मिसळून गेली. वैदिक भाषेतला लेट् लकार पुढच्या संस्कृतातून गेला, तसाच हा प्रकार.

रूपे गेली तरी नावे उरली. इंग्रजीची शालेय व्याकरणे लॅटिनच्या साच्यावर बेतली गेली होती आणि साच्यातले खण रिकामे ठेवणे कोणाला बरे वाटेना. लिंडली मरे यांचे १७९५चे ‘इंग्लिश ग्रामर’ दोन्ही देशांत पुढची कित्येक दशके चालले. त्यात मूड पाच आहेत: इंडिकेटिव्ह, इम्परेटिव्ह, पोटेन्शिअल, सबजंक्टिव्ह आणि इन्फिनिटिव्ह. २०१०च्या यादीतही पाचच आहेत. पण दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहा. पाचांपैकी तीनच नावे सारखी निघतात! मरे यांचे दोन गेले आणि त्यांच्या जागी दुसरेच दोन आले. एखाद्या जंगलात दोनदा गणना झाली, दोन्ही वेळा पाच जातींचे पक्षी मिळाले, पण त्यांतल्या दोन जाती वेगळ्याच, असे झाले तर आपण पक्ष्यांकडे नव्हे, मोजणाऱ्याच्या कसोटीकडे पाहू.

कसोटीतच दोष आहे. इंटरॉगेटिव्ह घ्या. ‘ही इज हिअर’ आणि ‘इज ही हिअर?’ या दोन वाक्यांत क्रियापद तेच, रूप तेच. फक्त शब्दांची जागा बदलली. हा वाक्याचा प्रकार झाला, क्रियापदाचा मूड नव्हे. कंडिशनल हे नाव ‘वुड’ या सहायक क्रियापदामुळे दिले आहे. दिले तर दिले, पण मग ‘मे’, ‘मस्ट’, ‘कॅन’ यांनी काय पाप केले? त्यांनाही एकेक मूड द्यायला हवा. मरे यांनी निदान सगळ्यांना पोटेन्शिअलच्या एका गोणीत भरले होते. याद्यांचा हा घोळ कशाने होतो तेही उघड आहे: निम्मे खण रूपावरून पाडले आणि निम्मे आशयावरून. विद्यार्थ्यांनी प्राण्यांचे वर्गीकरण ‘पृष्ठवंशीय, कीटक, पाळीव आणि रात्री जागणारे’ असे केले तर आपण वहीवर लाल रेघ मारतो.

डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९२४ साली ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये हा मुद्दा स्वच्छ मांडला होता. बोलणाऱ्याच्या मनाचा कल क्रियापदाच्या रूपातून दिसला तरच मूड म्हणावे, एरवी म्हणू नये, हे त्यांच्या म्हणण्याचे सार. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण जुनाट म्हणून हिणवले जाते आणि पुष्कळदा ते योग्यही असते. पण या बाबतीत १९३०च्या दशकातले ते पुस्तक २०१०च्या यादीहून शहाणे ठरते. त्यात मूड तीनच आहेत. प्रश्न इंडिकेटिव्हमध्ये मोडतो, आणि खरी धरून चालणारी अटही इंडिकेटिव्हमध्येच मोडते. ही दुसरी गोष्ट आमच्या मते फार मोलाची आहे. नेमकी तीच ‘कंडिशनल’ या नावाखाली पुसली जाते. ‘इफ’ दिसले की कंडिशनल, अशी खूणगाठ मुले बांधतात आणि ‘इफ’च्या आतले दोन वेगळे प्रकार त्यांना दिसेनासे होतात.

ते दोन प्रकार कोणते, हे विज्ञानाच्या पुस्तकातूनच पाहू.

‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.’ बर्फ तापवला तर वितळतो. ही अट आहे, पण ती उघडी अट आहे. बर्फ तापवता येतो, तापवला जातो, आणि तसे केले की तो वितळतो. वाक्य जगाबद्दल एक खरी गोष्ट सांगते.

आता दुसरे. ‘इफ देअर वेअर नो ग्रीनहाउस गॅसेस, द अ‍ॅव्हरेज टेम्परेचर ऑफ द अर्थ वुड बी अबाउट मायनस एटीन डिग्रीज.’ हरितगृह वायू नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे उणे १८ अंश सेल्सिअस असते. वायू आहेत, तापमान सुमारे १५ अंश आहे. वाक्यातली एकही गोष्ट घडलेली नाही, आणि तरीही वाक्य शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. ज्या मुलाच्या हातून ‘वेअर’ आणि ‘वुड’ निसटले, तो वहीत ‘पृथ्वीचे तापमान उणे १८ अंश आहे’ असे उतरवतो. त्याचे भूगोलाचे आणि भौतिकीचे गुण जातात, आणि चूक मात्र इंग्रजीची असते.

‘वेअर’ हे रूप भूतकाळाचे. पण वाक्यात भूतकाळ कुठे आहे? हरितगृह वायू काल नव्हते असे कोणी म्हणत नाही. इंग्रजीकडे संकेतार्थाचे वेगळे रूप उरले नाही, म्हणून तिने काळाचेच रूप उसने घेतले. भूतकाळाने जे वर्तमानापासून दूर आहे ते दाखवता येते, तसे वास्तवापासून दूर आहे तेही दाखवता येते, असा हा कावा आहे. वर्तमानातली अशक्य गोष्ट सांगायची तर क्रियापद एक पायरी मागे सरकवायचे: ‘इफ इट वेअर’. भूतकाळातली न घडलेली गोष्ट सांगायची तर दोन पायऱ्या मागे: ‘इफ इट हॅड बीन’. पाच नावांच्या यादीत ही पायरी कुठेही सापडत नाही, आणि मुलांना खरी गरज तिचीच आहे.

मराठी मुलाची अडचण आणखी एका ठिकाणी आहे, आणि ती परदेशी पुस्तकात सापडणार नाही. आपण म्हणतो, ‘पाऊस पडला तर सहल रद्द होईल.’ ‘पडला’ हे रूप भूतकाळाचे, पण अट उघडी, आणि पाऊस उद्याचा! म्हणजे मराठीत भूतकाळाचे रूप उघड्या अटीसाठी चालते, आणि इंग्रजीत तेच रूप अशक्य किंवा दूरच्या अटीची खूण ठरते. दोन भाषांचे रस्ते इथे एकमेकांना छेदून जातात. मुलगा मराठीतून नेकीने उतरवतो: ‘इफ यू हीटेड आइस, इट मेल्ट्स.’ बर्फ तापवला, म्हणून हीटेड. त्याचे तर्कशास्त्र बिनचूक आहे, भाषा दुसरी आहे. शिक्षक ‘काळाची चूक’ असे लिहून पुढे जातात. काळाची चूक म्हटल्याने त्याच्या काहीच हाती लागत नाही, कारण काळ इथे मुद्दाच नाही.

उलट्या दिशेनेही तसेच. ‘पृथ्वीचा अक्ष कललेला नसता तर ऋतू झाले नसते’ हे मराठीत सातवीच्या मुलाला सहज कळते. इंग्रजीत तेच वाक्य वाचताना ‘वेअर नॉट टिल्टेड’ पाहून तो ‘अक्ष कललेला नव्हता’ असे समजतो, म्हणजे पूर्वी कधी तरी अक्ष सरळ होता आणि मग कलला! ‘नव्हता’ आणि ‘नसता’ हे दोन शब्द आपल्याकडे वेगळे आहेत. इंग्रजी दोघांसाठी एकच कपडा वापरते. वर्गात फळ्यावर फक्त ‘नव्हता’ आणि ‘नसता’ असे लिहून, इंग्रजी धड्यातले प्रत्येक ‘वेअर नॉट’ यांतल्या कोणत्या खणात जाईल एवढे विचारले, तरी अर्धी लढाई जिंकता येते.

इथे मराठीचे फार कौतुक करण्याचे कारण नाही. ‘मी संध्याकाळी घरी असतो’ हे रोजच्या सवयीचे वाक्य, आणि ‘मी घरी असतो तर फोन उचलला असता’ हे न घडलेल्या गोष्टीचे. ‘असतो’ तेच. म्हणजे आपणही उसनवारी केलीच आहे. इंग्रजीने भूतकाळाकडून केली, आपण रीतीच्या रूपाकडून. मुलांना हे दाखवले की त्यांना मौज वाटते. इंग्रजी भाषा लहरी नाही, भाषा अशाच वागतात, हे त्यांच्या लक्षात येते.

एक लहानशी घटना या संदर्भात वर्गात फार उपयोगी पडते. हवा नसती तर पीस आणि हातोडा एकाच वेळी खाली पडले असते, हे वाक्य पृथ्वीवर संकेतार्थातच म्हणावे लागते. १९७१ साली अपोलो १५चे अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस सोडले. दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकली. तिथे वाक्य स्वार्थात गेले: हवा नाही, आणि दोन्ही बरोबर पडतात. नियम तोच; फक्त पायाखालची जमीन बदलली आणि ‘वेअर’चा ‘इज’ झाला. मुलांना ही दोन वाक्ये इंग्रजीत लिहायला सांगावीत, एक पुण्यातून आणि एक चंद्रावरून.

आता ‘वॉज’ आणि ‘वेअर’चा वाद. इंग्लंडच्या अभ्यासक्रमाने सबजंक्टिव्ह औपचारिक लेखन-भाषणाच्या सदरात टाकला आहे. ‘इफ आय वेअर’ म्हणणारा सुसंस्कृत आणि ‘इफ आय वॉज’ म्हणणारा गावंढळ, असा समज त्यातून रुजायला वेळ लागत नाही. वस्तुस्थिती अशी की चांगले इंग्रजी बोलणारे लोक दोन्ही वापरतात, आणि अशक्यतेचा भार भूतकाळाचे रूप वाहते, ‘वेअर’ नव्हे. हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२च्या ‘केंब्रिज ग्रामर’ने तर हे ‘वेअर’ सबजंक्टिव्हमधून काढून त्याला वेगळे नाव दिले. एकाच क्रियापदात उरलेला तो एक अवशेष आहे, माणसाच्या माकडहाडासारखा. लेखी परीक्षेत मुलांनी ‘वेअर’ लिहावे हे ठीक. पण ‘काल बाटलीचे बूच उघडे होते, तर ईथर उडून गेले असणार’ या वाक्यात ‘इफ द बॉटल वॉज ओपन’ असेच हवे, कारण बूच खरोखरच उघडे असण्याची शक्यता आहे. ‘इफ’नंतर नेहमी ‘वेअर’ असा नियम पाठ केलेले मूल नेमके इथे फसते.

सबजंक्टिव्हचा दुसरा प्रकार मात्र आपल्या मुलांना हातचा मळ वाटायला हरकत नाही. ‘आय सजेस्ट दॅट ही गो.’ ‘गोज’ का नाही, म्हणून मुले गोंधळतात. मराठीत विचारा: त्याने जातो असे सुचवतो, की त्याने जावे असे सुचवतो? उत्तर एका क्षणात येते. ‘जावे’ म्हणजे प्रत्यय नसलेले ‘गो’. ‘परीक्षानळी कोरडी असावी हे आवश्यक आहे’, म्हणजे ‘इट इज इसेन्शिअल दॅट द टेस्ट ट्यूब बी ड्राय.’ आपला विध्यर्थ इथे इंग्रजीच्या मापाचा निघतो. अमेरिकन लेखनात हा प्रकार चांगला जिवंत आहे. ब्रिटिश लोक पुष्कळदा ‘शुड’ घालून काम भागवतात. भूमितीतले ‘लेट एबीसी बी अ ट्रँगल’ हेही याच घराण्याच्या शेजारचे. आपली पुस्तके त्यासाठी ‘समजा’ आणि ‘मानू’ वापरतात.

राहिला आज्ञार्थ. तो रूपाने सर्वांत सोपा, म्हणून पुस्तके त्याला चार ओळींत उरकतात. प्रयोगवह्या पाहताना आमचे मत मात्र वेगळे झाले आहे. पुस्तकातल्या सूचना आज्ञार्थात असतात: पाणी घ्या, तापवा, तापमान नोंदवा. मुले ‘कृती’ या मथळ्याखाली त्याच ओळी जशाच्या तशा उतरवतात, ‘टेक वॉटर, हीट इट’, आणि निरीक्षणाच्या रकान्यात पुस्तकातलेच उत्तर येते. असे लिहिण्यासाठी प्रयोग करावा लागत नाही. ‘मी ५० मिलिलिटर पाणी घेतले, चार मिनिटे तापवले, तापमान ६२ अंश झाले’ हे वाक्य लिहिणारा मात्र काही तरी घडल्याचा दावा करतो. कोणी विचारले तर त्याला त्या दाव्यामागे उभे राहावे लागते. अमेरिकेच्या यादीतली मूडच्या उड्यांबद्दलची ती दुसरी ओळ आम्हाला यासाठी महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच सरावपत्रिकांत शैलीची शिस्त म्हणून उरकली जाते. सूचनेतून नोंदीत येताना क्रियापदाने कूस बदलली नाही, तर आपण प्रयोग तपासतो आहोत की हस्ताक्षर, हे शिक्षकालाही सांगता येणार नाही.

पाच नावे पाठ करून घेण्यात जाणारा तास वाचवून दुसरे काही करता येईल. सहावी ते आठवीच्या विज्ञानाच्या इंग्रजी पुस्तकातले एक पान घ्यावे. प्रत्येक क्रियापदाखाली मुलांनी मराठीत चारांपैकी एक खूण करावी: आहे, कर, असावे, असते तर. कंडिशनल की सबजंक्टिव्ह या वादात पडू नये. ज्या वाक्यांवर वर्गात दोन मते होतील ती बाजूला काढावीत. ‘इफ’ची बहुतेक वाक्ये त्यात असतील, आणि त्यांतल्या प्रत्येकासाठी एकच प्रश्न विचारावा: हे घडू शकते असे लेखक म्हणतो आहे, की घडलेले नाही हे माहीत असून म्हणतो आहे? उत्तर सापडल्यावर इंग्रजी क्रियापद पुन्हा पाहावे आणि ते एक पायरी मागे सरकले आहे का, हे मुलांनाच शोधू द्यावे. पानात ‘वुड’ असेल तर ते वाक्याच्या कोणत्या भागात आहे तेही पाहायला सांगावे. ‘इफ द अर्थ वुड स्टॉप’ असे लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात. ‘इफ’च्या बाजूला ‘स्टॉप्ड’ आणि दुसऱ्या बाजूला ‘वुड’, ही वाटणी त्यांना पुस्तकातल्या चार वाक्यांवरून स्वतःच काढता येते.